भिंतीवर जानकी अम्माल, अकरावीला विज्ञान नाही

२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. दिल्लीतल्या शाळांच्या भिंतींवर स्त्री-शास्त्रज्ञांचे तक्ते लागतात. २०२० साली या दिनाचा विषयच ‘विज्ञानातील महिला’ होता आणि केंद्र सरकारने ११ स्त्री-शास्त्रज्ञांच्या नावे अध्यासने जाहीर केली. त्यांत जानकी अम्माल होत्या.

१८९७ साली थलश्शेरीत जन्मलेल्या जानकी थिय्या या मागास मानल्या गेलेल्या जातीतल्या. १९३१ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे कोइम्बतूरला उसावर संशोधन केले. मी पाहिलेल्या तक्त्यांवर ऊस असतो, पदवी असते, जात नसते. बाई म्हणून आलेले अडथळे सांगायचे आणि जातीचा अडथळा गाळायचा, हा कोणता इतिहास?

जानकींचे वडील न्यायाधीश होते. घरात शिक्षण होते. दिल्लीच्या वस्त्यांतल्या आमच्या अनेक मुलींच्या घरात ते नाही. त्यांची सारी भिस्त सरकारी शाळेवर. आणि यातल्या कितीतरी शाळांत अकरावीला विज्ञान शाखाच नाही. दहावीपर्यंत तक्त्याखाली बसलेल्या मुलीने पुढे जायचे कुठे?

तक्ते जरूर लावा, त्यांवर जातही लिहा. पण त्याच शाळेत अकरावीचा विज्ञानवर्ग आणि प्रयोगशाळाही उघडा.