टरफल पातळ, म्हणून पाण्यात अँटिबायोटिक?



ऊन तापलं की आपल्या जबलपूरच्या आसपासच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पिलपिलीत, बिनकवचाची अंडी पडू लागतात. मालक दुकानातून पुडी आणतो, पाण्याच्या टाकीत ढवळतो आणि त्याच संध्याकाळी त्याच कोंबड्यांचे ट्रे बाजाराला लावतो. परवा हे डोळ्यांनी पाहिलं. पुडीवर अँटिबायोटिकचं नाव होतं, ट्रेवर अक्षरही नव्हतं. ती अंडी आपल्या पोरांच्या डब्यात जातात.

कोंबडीला झालंय तरी काय? एका टरफलात दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं. तिच्या अख्ख्या सांगाड्यात ते असतं जेमतेम २० ग्रॅम. वर्षाला ३०० अंडी घेता, म्हणजे तीस सांगाडे काढून घेता! खाद्यातून रोज चार ग्रॅमच्या आसपास मिळालं नाही, तर ती स्वतःची हाडं झिजवते आणि शेवटी पिंजऱ्यातच पाय टाकून बसते. त्यात मे महिन्यात ती धापा टाकते, खाणं कमी करते. टरफल आणखी पातळ होतं. यात अँटिबायोटिकने मारायचा जंतू कुठे आहे? काही विषाणूंमुळेही टरफल बिघडतं, खरं आहे. पण विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणूनच पुडीआधी पशुवैद्याला दाखवा.

इलाज साधा आहे. टरफल मुख्यतः रात्री घडतं, म्हणून दुपारनंतर शिंपल्यांची किंवा चुनखडीची जाडसर कणी द्या. ती पोटात हळूहळू विरघळते. जोडीला जीवनसत्त्व डी-३, गार पाणी, शेडला वारा. चुनखडीची कटनी तर शेजारी आहे! (भेडाघाटच्या संगमरवराचा चुरा मात्र नको, त्यात मॅग्नेशियम फार.) नुसत्या कॅल्शियम आणि डी-३ वर सुधारलेल्या कोंबडीचं धड टरफलाचं अंडं त्याच दिवशी खुशाल खा. तडकलेली, बिनकवचाची तेवढी टाका. त्यांत जंतू शिरतात.

अँटिबायोटिकचं तसं नाही. बलक भरायला दहाएक दिवस लागतात, त्यात औषध उतरतं. औषध दिल्यावर अंडी न विकण्याची ठरावीक मुदत त्या औषधासाठी सिद्ध झालेली नसेल, तर निदान सात दिवस ती विकू नयेत, असं २०१२ पासून नियमात आहे. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना देण्यावर तर २०१९ पासून बंदीच आहे.

“उकडलं की औषध जातं,” म्हणे! एन्रोफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक उकळत्या पाण्याला दाद देत नाही. मालक म्हणतात, “सात दिवसांची अंडी फेकली तर आम्ही बुडू.” मग गरज नसलेली पुडी ओतता कशाला? कणीला सात दिवस थांबावं लागत नाही.

उद्या अंडी घेताना विचारा: या आठवड्यात कोंबड्यांना कोणतं औषध दिलं? उत्तर मिळालं नाही, तर ट्रे तिथेच ठेवा.