रहूम, रहीम आणि बहिणीचा हिस्सा

बिस्मिल्लाह म्हणताना रहमान आणि रहीम ही अल्लाह तआलाची दोन नावे आपल्या ओठांवर येतात. ह. मूसा (अ.) यांच्या कौमच्या इब्रानी भाषेतही याच घराण्यातले एक नाव आहे, रहूम. यहुदी ज्याला तौरात म्हणून वाचतात, त्यातील निर्गम या ग्रंथाच्या 34व्या अध्यायात ते येते. कौमने वासराची पूजा केली होती. त्यानंतर ह. मूसा (अ.) पुन्हा डोंगरावर गेले, तेव्हा रब्बने स्वतःची ओळख सांगताना आधी हाच गुण सांगितला: रहूम, म्हणजे दयाळू.

अरबी आणि इब्रानी या सख्ख्या बहिणींसारख्या भाषा. उर्दू वाचणाऱ्यांना तिन्ही अक्षरे लगेच ओळखू येतील: रे, बडी हे, मीम. याच अक्षरांपासून इब्रानीत रेहेम आणि अरबीत रहिम असा शब्द होतो. दोन्हींचा अर्थ एकच, आईची कूस. लेकराने न मागताही आई त्याला देते. दयेचा शब्द त्या कुशीशी जोडलेला आहे.

हा शब्द आपल्या महाराष्ट्रातही आहे. मुंबईत मस्जिद स्टेशनजवळ बेने इस्राईल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचे जुने प्रार्थनागृह आहे. त्याचे नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचे दार. मूळचे कोकणातले हे लोक तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आपल्या प्रार्थनागृहाला ते मशीदच म्हणत. कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते 1796 मध्ये बांधले. त्या समाजात एक गोष्ट सांगतात. दिवेकर टिपू सुलतानच्या कैदेत होते. ते बेने इस्राईल आहेत हे कळल्यावर सुलतानच्या आईने, कुरआनात ज्यांचा उल्लेख आहे त्यांना जीवदान द्या, असा आग्रह धरला. दयेच्या दारामागेही एक आईच उभी आहे.

आता आपल्या घराकडे वळू या. हदीसमध्ये आले आहे की अल्लाहने रहिमला आपल्या रहमान या नावातून नाव दिले; जो हे नाते जोडील त्याला अल्लाह जोडील, जो तोडील त्याला तोडील. यालाच आपण सिला-रहमी म्हणतो. सूरह निसाच्या पहिल्याच आयतीत अल्लाहचे भय बाळगण्यासोबत या नात्यांचीही आठवण दिली आहे, आणि त्याच सूरहत पुढे वारसाचे हिस्से ठरवून दिले आहेत. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण ठरलेला.

आपल्या परभणी, जिंतूर, पाथरीकडे काय दिसते? वडिलांचे चाळिसावे होते न होते तोच बहिणीसमोर हक्कसोडपत्र येते. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते आणि आपण म्हणतो, ‘तिने खुशीने माफ केले.’ ईदला पाठवलेली साडी म्हणजे हिस्सा नव्हे. आधी तिचे नाव सातबाऱ्यावर लागू द्या, तिचे तिच्या हाती द्या. मग तिने ठेवावे की द्यावे, ती तिची मर्जी.

भाऊ आणि बहीण एकाच कुशीतून आलेले असतात. त्या कुशीचे नाव रहमानच्या नावातून आले आहे. दररोज रहीम म्हणणाऱ्या जिभेने बहिणीला ‘तुझे इथे काही नाही’ म्हणू नये.