खवले कोण मोजणार?

गंगाखेड तालुक्यात, आमच्या राणीसावरगावाकडे, पावसाळ्यात घरात साप निघाला की ‘मण्यार, मण्यार’ असा एकच गलका होतो. काठी आधी पडते, ओळख मागाहून पटते. मेलेला पुष्कळदा कवड्या असतो. बिचारा बिनविषारी, पालींच्या मागे घरात शिरलेला. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या, षटकोनी खवल्यांची ओळ असते, कवड्याच्या नसते. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक नि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे नेमके उलट. (हे बघायला जिवंत सापाजवळ जायचं नाही, सर्पमित्राला बोलवायचं.)

नवी प्रजाती ठरवतानाही असे खवले मोजावे लागतात. कोयनेच्या जंगलातला एक मांजऱ्या साप तेजस ठाकरे यांना २०१५ साली दिसला. ‘बोइगा ठाकरेई’ म्हणून तो जाहीर झाला २०१९ साली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. वरद गिरी, अशोक कॅप्टन आदी अभ्यासकांनी पोटाचे, शेपटीचे, पाठीचे खवले मोजले, डीएनए तपासला, जवळच्या प्रजातींशी ताडून पाहिलं. पश्चिम घाटातून मांजऱ्याची नवी प्रजाती १२५ वर्षांनी नोंदली गेली. बातम्यांत मात्र आडनावच गाजलं. खरी गंमत त्याच्या जेवणात होती: हुमायूनचा रातबेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतो, आणि हा साप रात्री झाडावर चढून ती फस्त करतो.

‘आपल्याकडे कुठलं आलंय असलं जंगल,’ असं इथं कुणीही म्हणेल. मला ते पटत नाही. पिवळट हिरवा मांजऱ्या २०१३ साली नवा म्हणून नोंदला गेला, तो पूर्व द्वीपकल्पातल्या कोरड्या जंगलांतून. बालाघाटाच्या माळावर नवा साप आहेच, असा माझा दावा नाही. पण जो साप उकिरड्यावर फेकला, तो कोणता होता हे कळणार कसं?

ओळख पटवायला जपून ठेवावा म्हटलं, तर बऱ्याच सापांच्या बाबतीत मेलेला सापही परस्पर बाटलीत भरता येत नाही. वन्यजीव कायदा आडवा येतो, आणि यायलाच हवा. म्हणून हे काम वनखात्यानं जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना रीतसर परवानगी देऊन सोपवावं. रस्त्यावर चिरडलेला, शेतात मारलेला साप तिथं पोचावा. बाटलीवर गाव आणि तारीख लिहिली जावी. सर्पमित्रांनीही फणा काढलेल्या नागासोबत फोटो काढण्याऐवजी पकडलेल्या सापाच्या डोक्याची बाजू, पाठीचा मधला भाग आणि शेपटीची खालची बाजू टिपावी. त्या फोटोला लाइक कमी मिळतील, मिळू देत.