यकृताच्या जुन्या संसर्गाचे रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांना मोफत लस आणि प्रतिबंधक सेवा मिळण्याबाबत निवेदन

दिनांक : २८ जुलै २०२५ (जागतिक हिपॅटायटिस दिन)

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई – ४०० ०३२

मार्फत : मा. जिल्हा शल्यचिकित्सक

निवेदक : हिपॅटायटिस बी व सीचे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय, कोल्हापूर व सांगली जिल्हा

विषय : हिपॅटायटिसच्या रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांची तपासणी व लसीकरण, नवजात बाळांना वेळेत जन्मडोस आणि रुग्णांना नियमित प्रतिबंधक सेवा मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नागरिक हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूचा संसर्ग घेऊन जगणारे रुग्ण आणि त्यांचे जवळचे नातेवाईक आहोत. आमच्यात यंत्रमाग कामगार आहेत, शेतकरी आहेत, शिक्षिका आहेत, डायलिसिसवर असलेले रुग्णही आहेत. कुणाला रक्तदानाच्या वेळी कळले, कुणाला बाळंतपणाच्या तपासणीत, तर कुणाला पोटात पाणी झाल्यावर. गावाकडे या दुखण्याला पांढरी कावीळ म्हणतात आणि पुष्कळदा डोळे पिवळे झाले नाहीत म्हणून वर्षानुवर्षे कुणी तपासायलाही जात नाही.

२८ जुलै २०१८ रोजी देशात राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यामुळे तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळू लागली, याबद्दल आम्ही शासनाचे मनापासून आभारी आहोत. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. बी पूर्ण जात नाही, पण टेनोफोविरच्या रोजच्या एका गोळीने तो दबून राहतो आणि यकृत वाचते.

आमची तक्रार औषधाबद्दल नाही. औषध रुग्णाला मिळते, पण तो ज्या घरात राहतो त्या घराला लस मिळत नाही. रुग्णाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की फाइल त्याच्या एकट्याच्या नावाने उघडते. त्याची पत्नी, मुले, आई-वडील, भावंडे यांना कुणी बोलावत नाही. बालकांचे लसीकरण एका विभागाकडे, औषधोपचार दुसऱ्याकडे आणि मोठ्या माणसाच्या लसीची जबाबदारी कुणाकडेच नाही. या निवेदनाचा सगळा रोख या उणिवेवर आहे.

परिस्थिती

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात हिपॅटायटिस बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. त्याच वर्षी जगभरातल्या हिपॅटायटिस बीच्या रुग्णांपैकी जेमतेम १३ टक्क्यांना आपल्या आजाराची खबर होती आणि फक्त ३ टक्क्यांना उपचार मिळत होते. म्हणजे आज दवाखान्यात दिसतो त्याच्या कितीतरी पट आजार घराघरांत आहे.

बीची लस आपल्या लसीकरण कार्यक्रमात २००२-०३ मध्ये काही ठिकाणी आली आणि २०११-१२ पर्यंत देशभर पोचली. त्याआधी जन्मलेली बहुतेक माणसे आजही लसीवाचून आहेत. आमच्या बायका, नवरे, भाऊ-बहिणी याच पिढीतले. १९९७ साली हैदराबादमध्ये स्वदेशी लस तयार झाल्यापासून ही लस महागही राहिलेली नाही. प्रश्न ती पोचवण्याचा आहे.

लस बाहेरून आणण्यातला धोका कागदावर दिसत नाही, म्हणून एक अनुभव नोंदवतो. आमच्यातल्या एका यंत्रमाग कामगाराने पत्नीसाठी तालुक्याच्या गावातल्या मेडिकलमधून लस घेतली. दुकानदाराने कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत, डीप फ्रीझरमधून काढलेल्या बर्फात घालून दिली. तो ती एसटीने गावी घेऊन आला आणि ओळखीच्या डॉक्टरांकडून टोचून घेतली. ही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते आणि एकदा गोठली की तिची ताकद जाते. नुसत्या डोळ्यांना मात्र फरक कळत नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आईसपॅक हलवून आत पाण्याचा आवाज येतो का हे पाहिल्याशिवाय तो व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये ठेवत नाहीत. इतकी चोख व्यवस्था गावोगाव उभी असताना मोठ्या माणसाची लस बर्फाच्या पिशवीतून का यावी, हा आमचा साधा प्रश्न आहे. त्या बाईंना संरक्षण मिळाले की नाही हे पाहण्यासाठी पुढे कुणी रक्तही तपासले नाही.

मागण्या

१. रुग्णाबरोबर घराची नोंद. एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरातील सर्व व्यक्तींची आणि जोडीदाराची तपासणी मोफत व्हावी. ज्यांना संसर्ग नाही आणि संरक्षणही नाही, त्यांना ०, १ आणि ६ महिने या वेळापत्रकाने तीन डोस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आठवड्याच्या लसीकरण सत्रातच द्यावेत. दुसरा-तिसरा डोस चुकू नये म्हणून आशाताईंच्या यादीत त्यांची नावे असावीत. जोडीदार, डायलिसिसचे रुग्ण आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती यांची शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी करावी. पातळी दर मिलिलिटरला १० मिलि-युनिटपेक्षा कमी असेल तर पुन्हा डोस द्यावेत. सापडलेला प्रत्येक नवा रुग्ण त्याच दिवशी उपचार केंद्राशी जोडला जावा.

२. जन्मडोस २४ तासांच्या आत, कुठल्याही दिवशी, कुठल्याही दवाखान्यात. हा विषाणू जन्माच्या वेळी बाळाला लागला, तर सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो. निरोगी प्रौढाला लागला तर हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणून पहिल्या दिवशीच्या डोसला दुसरा पर्याय नाही. तरीही रविवारी किंवा सणाच्या दिवशी जन्मलेल्या बाळाच्या घरच्यांना ‘एका बाळासाठी दहा डोसची कुपी फोडता येत नाही, लसीकरणाच्या वारी या’ असे उत्तर मिळते. शासनाच्याच खुल्या कुपीच्या धोरणानुसार ही कुपी अटी पाळून उघडल्यावर २८ दिवस वापरता येते. हे प्रत्येक प्रसूतिगृहाला लेखी कळवावे. शुश्रूषागृह म्हणून नोंदणी असलेल्या खासगी दवाखान्यांनाही जन्मडोस आणि त्याच्या वेळेची नोंद बंधनकारक करावी.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, शक्यतो १२ तासांच्या आत, मिळायला हवे. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात आणि इंजेक्शन जिल्ह्याच्या ठिकाणी अशी स्थिती असेल तर ते बारा तास रस्त्यातच जातात. म्हणून प्रसूती होणाऱ्या प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात त्याचा साठा असावा. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत एचबीएसएजी व्हावी. विषाणूंचे प्रमाण दर मिलिलिटरला २ लाख युनिटच्या वर असेल तर तिसऱ्या तिमाहीपासून आईला टेनोफोविर सुरू व्हावे. अशा बाळाची ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान तपासणी करून लसीचा उपयोग झाला का हे पाहावे. या सर्व मातांना ठामपणे सांगितले जावे की बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नाही.

३. यकृताचा जुना आजार असलेल्यांना इतर लसी. आधीच दुखावलेल्या यकृतावर दुसरी कावीळ आली तर माणूस काही दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतो. हिपॅटायटिस सी असलेल्यांना बीची लस मिळावी. हिपॅटायटिस एची लस देण्याआधी अँटिबॉडी तपासावी, कारण आपल्याकडे अनेकांना लहानपणीच तो संसर्ग होऊन संरक्षण मिळालेले असते. ज्यांना ते नाही त्यांनाच लस दिली की खर्चही आटोक्यात राहील. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांना जिवंत विषाणूची लस दिली जाणार नाही याची काळजी घ्यावी. फ्लूची वार्षिक आणि न्यूमोकोकसची लसही या रुग्णांना उपचार केंद्रातच उपलब्ध करावी.

४. औषधात खंड नको, सहामाही तपासणी चुकायला नको. टेनोफोविर मध्येच बंद पडले तर विषाणू उसळतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. रोजंदारीवरच्या माणसाला दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावणे म्हणजे त्याचा खाडा आणि एसटीचा खर्च. स्थिर रुग्णांना तीन महिन्यांची औषधे एकदम, तालुक्याच्या ठिकाणी द्यावीत. सिरॉसिस असलेल्या आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका असलेल्या सर्व रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावी आणि पुढची तारीख केसपेपरवरच लिहिली जावी. बीच्या रुग्णाला सिरॉसिस नसतानाही हा कर्करोग होऊ शकतो, म्हणून ‘सध्या काही त्रास नाही ना’ एवढे विचारून परत पाठवणे पुरेसे नाही. केमोथेरपी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किंवा हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी सक्तीची असावी. अशा उपचारांत झोपलेला विषाणू जागा होतो.

५. जोखमीच्या कामावरच्या माणसांना लस. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. मात्र कंत्राटी सफाई कामगार, रुग्णालयातल्या मावशी आणि मामा, जैववैद्यकीय कचरा उचलणारे, लॅबमधले शिकाऊ, रुग्णवाहिकेचे चालक यांची नावे यादीत येत नाहीत. सुई सर्वांत आधी टोचते ती यांच्याच हाताला. कंत्राटदार बदलला तरी डोस अपुरे राहू नयेत, म्हणून लसीची जबाबदारी रुग्णालयाची असावी. डायलिसिस, थॅलेसेमिया आणि एआरटी केंद्रांतील रुग्ण, तुरुंगातील बंदी आणि सुईने नशा करणाऱ्या व्यक्ती यांनाही तपासणी व लस मिळावी. २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात पुन्हा वापरलेल्या सिरिंजमधून बी पसरला आणि अनेकांचे प्राण गेले. तशी वेळ आपल्याकडे येऊ नये, म्हणून पुन्हा न वापरता येणाऱ्या सिरिंजचा आग्रह खासगी दवाखान्यांतही धरला जावा.

६. पिण्याचे पाणी. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची जी साथ आली, ती आमच्या भागातल्या लोकांनी भोगली आहे. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात, आणि ईची लस आपल्या लसीकरण कार्यक्रमात नाही. गरोदर बाई आणि यकृताचा रुग्ण या दोघांना हिपॅटायटिस ई सर्वांत घातक. जलसुरक्षकाने रोज पाण्यातील क्लोरीनची ओटी टेस्ट करून निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, टीसीएल पावडरचा साठा संपण्याआधी मिळावा, आणि काविळीचे दोन-चार रुग्ण एकाच गल्लीत दिसताच यकृताच्या नोंदीत असलेल्या रुग्णांना पाणी उकळून पिण्याचा निरोप घरपोच जावा.

७. सन्मान आणि गुप्तता. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा शेजारी बसल्याने पसरत नाही. तरीही आमचे ऑपरेशन यादीत शेवटी ढकलले जाते, ‘किट’चे वेगळे पैसे मागितले जातात, खाटेवर रोगाचे नाव लिहिले जाते. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत पॉझिटिव्ह आलेल्या तरुणाला कारण न सांगता घरी पाठवले जाते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना २०१७ च्या कायद्याने भेदभावापासून संरक्षण दिले. आमच्यासाठीही शासनाने स्पष्ट परिपत्रक काढावे. त्यात उपचार नाकारणे, जादा आकारणी करणे आणि रुग्णाच्या संमतीशिवाय रिपोर्ट उघड करणे यांस मनाई असावी आणि तक्रार ऐकणारा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात नेमलेला असावा.

कालमर्यादा

मागणी २ मधील जन्मडोस आणि खुल्या कुपीबाबतचे परिपत्रक तसेच मागणी ७ मधील भेदभावविरोधी परिपत्रक यांना नवीन निधी लागत नाही. ती ३० दिवसांत निघावीत. कुटुंबीयांचे लसीकरण आमच्या दोन जिल्ह्यांत ९० दिवसांत सुरू करून त्या अनुभवावरून राज्यभर न्यावे. किती रुग्णांच्या घरांची तपासणी झाली, किती जणांचे तीन डोस पूर्ण झाले, किती बाळांना २४ तासांत डोस मिळाला, ही आकडेवारी दर तिमाहीला जिल्हानिहाय जाहीर करावी. आकडे समोर राहिले तरच काम मागे पडत नाही.

हिपॅटायटिसचे नवे संसर्ग ९० टक्क्यांनी आणि मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी करण्याचे जागतिक उद्दिष्ट २०३० सालचे आहे. ते नुसत्या गोळ्यांनी गाठता येणार नाही. आम्हाला झालेला आजार आमच्यापाशीच थांबावा, तो आमच्या मुलाबाळांपर्यंत जाऊ नये, यासाठी लागणारी लस, शीतसाखळी आणि ती टोचणारे हात हे तिन्ही शासनाकडे आज आहेत. त्यांना आमच्या दारापर्यंत आणण्याचा आदेश तेवढा आपल्याकडून हवा आहे.

तरी वरील मागण्यांवर संबंधित अधिकाऱ्यांसमवेत आमच्या प्रतिनिधींची बैठक लवकरात लवकर बोलवावी आणि प्रत्येक मागणीवर काय निर्णय झाला हे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,

हिपॅटायटिस बी व सीचे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय,
कोल्हापूर व सांगली जिल्हा
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे. नावे गोपनीय ठेवावीत, ही विनंती.)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१. मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
२. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर व सांगली
३. मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, कोल्हापूर व सांगली