पदरमोडीचा हिशेब

आमच्या समुपदेशन केंद्रात दोन वर्षं एक प्रिंटर जुन्या ओढणीखाली झाकून ठेवलेला होता. मोडलेला नव्हता. साडेचार हजारांत मिळाला म्हणून घेतलेला; पण त्याची शाईची डबी हजाराच्या घरात आणि तीत जेमतेम साडेचारशे पानं निघत. म्हणजे नुसत्या शाईचेच पानाला दोन रुपयांच्या वर. बसस्टँडजवळचा झेरॉक्सवाला दोन रुपयांत पान देतो. तेव्हा सरांनी, म्हणजे आमच्या सचिवांनी, सांगून टाकलं की प्रिंटर अडीअडचणीला राहू द्या, बाकी बाहेरून करून आणत जा. महिनाभर वापरला नाही की उन्हाळ्यात शाई आतल्या आत वाळायची, आणि अडीअडचणीलाही तो कामी यायचा नाही.

मैत्रिणींनो, हा काय लेखाचा विषय झाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही कित्येक दिवस तसंच वाटत होतं. आपल्या कामात एक संस्कार मुरलेला आहे की साधनं मागणं म्हणजे चोचले. बाई सतरंजीवर बसून काम करते, स्वतःच्या मोबाईलचं रिचार्ज स्वतः मारते, तीच खरी कार्यकर्ती. आम्ही चौघी त्याच संस्कारातल्या. उन्हातान्हात पेनड्राइव्ह घेऊन मुकाट्याने चकरा मारत राहिलो.

कागद काही थोडे नसतात. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. त्याखाली घटना अहवाल करायचा, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, प्रत पोलीस ठाण्याला, एक बाईच्या हातात, एक आपल्या फाइलला. सोबत रेशनकार्ड, लग्नपत्रिका, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, मुलांचे दाखले. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगी मागायची तर मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर शपथपत्रही लागतं. निकाल चांगला आहे, नवऱ्यालाही आपली मिळकत उघड करावी लागते. पण ज्या बाईच्या नावावर शेळीसुद्धा नाही, तिलाही ते भरून द्यावंच लागतं. एका प्रकरणाला शंभर पानं सहज होतात. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्या. आमचे दोन दिवस प्रती गोळा करण्यातच जात.

आणि मग एक गोष्ट घडली. तपशील बदलून सांगते. घाटाखालच्या एका तालुक्यातली बाई, दोन पोरं, हाताला जुना मार. तिचा अर्ज आम्ही तयार केला आणि नेहमीप्रमाणे प्रती काढायला बाहेर दिला. दुकानात गर्दी होती, कागद काउंटरवर अर्धा तास उघडे पडले. तिथे तिच्या सासरच्या गावचा कोणीतरी उभा होता. नोटीस निघायच्या आधीच अर्जात काय काय लिहिलंय ते घरी पोचलं. पुढच्या खेपेला बाई आलीच नाही. भावाचा निरोप आला, आमचं आपसात मिटलं. मिटलं म्हणजे काय झालं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

याच कायद्यात सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय आहे. न्यायालय दार लावून घेऊ शकतं, आणि आम्ही तोच कागद बसस्टँडवर पसरून ठेवत होतो. दोष झेरॉक्सवाल्याचा नाही. दोष आमचा होता.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. तोपर्यंत तीनदा सरांकडे तोंडी मागणी करून झाली होती. उत्तरं ठरलेली: आहे ना एक, बजेटमध्ये बसत नाही, पुढच्या वर्षी बघू. (त्याच वर्षी सभागृहाच्या व्यासपीठासाठी फिरत्या खुर्च्या आल्या, हे इथे लिहून ठेवते.) वहीत रोज नोंद: किती पानं, कोण गेलं, किती वेळ लागला, पैसे कोणी दिले. तीन महिन्यांनी बेरीज केली. २,६०० पानं, ५,२०० रुपये. ६१ चकरा, एकेक चाळीस मिनिटांची; म्हणजे चाळीस तास, पुरे पाच कामाचे दिवस. आणि ५,२०० पैकी १,३०० रुपयांचं व्हाउचरच नव्हतं. ते आमच्या चौघींच्या पर्समधून गेले होते. कधी सुट्टे नव्हते, कधी पावती राहिली, कधी बाईची बस सुटत होती. संस्थेच्या ताळेबंदात ही रक्कम कुठेच दिसत नव्हती, म्हणून तर जुना प्रिंटर स्वस्त दिसत होता.

पदरमोड हा शब्द आपल्या भाषेत उगाच नाही आला. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले, ते आठवा. कमी क्षमतेचे फोन, गरम होणारे, अडकणारे. पोषण ट्रॅकरचं अ‍ॅप इंग्रजीत. आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्या मानधनातून. कमी पैशात घेतलेल्या वस्तूची उरलेली किंमत कोणीतरी भरतंच, आणि ती बहुधा सगळ्यात कमी पगाराची बाई असते. सेविका हजारोंनी एकत्र होत्या, त्यांना फोन परत करता आले. आम्ही चौघी. आमच्याकडे वही होती.

सरांसमोर वही ठेवताना मी भाषण केलं नाही. त्यांच्याच भाषेत बोलले. शाईची टाकी असलेलं, प्रत काढणारं आणि स्कॅन करणारं यंत्र पंधरा हजारांत येतं. काळ्या शाईच्या एका बाटलीत काही हजार पानं निघतात. कागद धरून पान पाऊण रुपयाला पडतं. तीन महिन्यांत ३,२५० रुपये वाचतात, चौदा महिन्यांत यंत्र फिटतं. लेझर का नको, हेही विचारून ठेवलं होतं: तो सुरू होताना इतकी वीज ओढतो की आमचा इन्व्हर्टर बंद पडतो, आणि भारनियमनाच्या वेळी काम तर करायचंच असतं. सर म्हणाले, “ताई, वस्तूची खरेदी हा भांडवली खर्च, अनुदानात तो बसत नाही. झेरॉक्स बसतं.” हीच खरी गाठ होती. देणारा महिन्याचं बिल मंजूर करतो, यंत्र करत नाही, म्हणून संस्था वर्षानुवर्षं महाग मार्गाने जाते. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, तेव्हापासून तर ‘कार्यालयीन खर्च’ म्हटलं की सगळेच दचकतात. आमच्याकडे परदेशी निधी नाही, तरी दचकतात. मी म्हटलं, देणगीदारांच्या पैशातून घ्या, आणि वाचलेले त्याच खात्यात परत टाका. मग त्या बाईची गोष्ट सांगितली. सर बराच वेळ बोलले नाहीत.

यंत्र मंजूर झालं. पण पाठोपाठ सर म्हणाले, “आता चकरा वाचतील, तर मावशींना अर्धाच दिवस बोलावलं तरी चालेल.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाचलेले चाळीस तास मीच मोठ्या अभिमानाने मांडले होते, आणि त्यांतले निम्मे तास मावशींचे होते. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मला हा धडा कोणी दिला नाही. बचतीचा हिशेब मांडताना ती बचत कुठे जाणार हेही त्याच पानावर लिहायला हवं होतं. ते मी दुसऱ्या दिवशी लिहून दिलं: मावशींनी आठवड्यातून दोनदा तारखेला बायकांसोबत कोर्टात जावं, पोरं सांभाळावी, पुकारा होईपर्यंत सोबत बसावं. एकट्या आलेल्या बाईला तिथे वकिलापेक्षाही सोबतीची गरज असते. दोन बैठका झाल्या. मावशी पूर्ण दिवस राहिल्या. त्यांचं मानधन मात्र आहे तेवढंच आहे, त्यावर आमचं एकमत झालेलं नाही.

बुडालेले १,३०० रुपयेही परत मिळाले नाहीत. व्हाउचर नाही म्हणून.

सध्या वहीत पंख्यांचं पान चालू आहे. चार जुने पंखे, ७५ वॅटचे. ३० वॅटचे बसवले तर आठ तासांप्रमाणे महिन्याला ३६ युनिट वाचतात. अर्ज सरांच्या टेबलावर आहे.