छंद आणि संसार : मुका ट्रान्झिस्टर बोलता करताना

दिवाळीपूर्वी माळा आवरण्याचा प्रघात बहुतेक मराठी घरांत आहे. मग ते घर पुण्यात असो, इंदुरात असो वा दिल्लीत. तुटक्या बॅगा आणि जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याबरोबर तेथे अनेकदा चामडी कव्हर घातलेला एक मुका ट्रान्झिस्टर सापडतो. तो भंगारवाल्याला द्यावा की ठेवावा, असा प्रश्न पडतो आणि साधारणतः तो भंगारातच जातो. अशा स्वस्त व सामान्य संचांचा संग्रह करणे, त्यांचे वय ठरविणे आणि ते पुन्हा बोलते करणे हा अल्प खर्चाचा व साऱ्या कुटुंबाने मिळून करण्याजोगा छंद आहे. मात्र त्याचा एक नियम आरंभीच सांगितला पाहिजे : संच दुरुस्त करण्यापूर्वी तो वाचावा. त्याचा इतिहास त्याच्या पोटातच लिहिलेला असतो, आणि उतावीळ दुरुस्तीत तोच प्रथम पुसला जातो.

ट्रान्झिस्टर हे खरे पाहता रेडिओचे नव्हे, तर त्यातील एका भागाचे नाव. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये हा भाग प्रथम सिद्ध झाला. बार्डीन, ब्रॅटन व शॉक्ली या तिघा शास्त्रज्ञांना त्यासाठी १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्टोबर १९५४ मध्ये ‘रीजन्सी टीआर-१’ हा चार ट्रान्झिस्टरांचा खिशात मावणारा रेडिओ अमेरिकेत जाहीर झाला. त्याची किंमत जवळजवळ ५० डॉलर होती. पुढे ‘सोनी’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या जपानी कंपनीने १९५५ मध्ये आपला पहिला संच काढला. आपल्याकडे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९६२ पासून ती जर्मेनियमचे सुटे भाग बनवू लागली. व्हॉल्व्हच्या रेडिओला घरात वीज लागे, नाहीतर जड व महाग बॅटरी. ट्रान्झिस्टर मात्र विजेरीच्या सेलवर चालू लागला. त्यामुळे दिवाणखान्यातील फळीवरचा रेडिओ स्वयंपाकघरात, चहाच्या दुकानात आणि वीज न पोहोचलेल्या शेतावर जाऊन बसला.

संग्रहासाठी दुर्मीळ वस्तूंच्या मागे लागण्याचे कारण नाही. मर्फी, बुश, फिलिप्स, नेल्को यांचे संच जुन्या बाजारात आढळतात. त्यांच्याच शेजारी सुटे भाग जुळवून गल्लीतल्या दुकानात तयार केलेले, नाव नसलेले संचही असतात. किंमत कमी म्हणून या दुसऱ्या प्रकाराकडे पाठ फिरवू नये. साध्या घरांना परवडलेला रेडिओ बहुधा तोच. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही संच शोधण्याची ठिकाणे. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, कोलकात्याचा चांदनी चौक व चेन्नईची रिची स्ट्रीट यांची ख्याती आहे. घेताना सेलचा कप्पा उघडून पाहावा. सेल गळून पत्रा थोडा हिरवट झाला असेल तर बिघडले नाही. परंतु ती गळती आतील पाटीपर्यंत पोहोचून तांब्याच्या रेघा खाऊन गेली असेल तर संच सोडून द्यावा. आतील काळसर फेराइटची कांडी अखंड आहे ना, तेही पाहावे. हीच कांडी मध्यमलहरींची एरियल असते, आणि ती काचेसारखी ठिसूळ असते.

आता वय ठरविण्याविषयी. पहिला साक्षीदार म्हणजे डायल. कंपनांची संख्या पूर्वी सायकलमध्ये मोजत. १९६० मध्ये मापनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘हर्ट्झ’ हे नाव स्वीकारले आणि ते हळूहळू रूढ झाले. तेव्हा डायलवर किलोसायकल लिहिले असेल तर संच साधारणतः जुना. किलोहर्ट्झ असेल तर त्यामानाने अलीकडचा. सिलोनचे नाव १९७२ मध्ये श्रीलंका झाले, हाही एक दुवा. पण लोकांच्या तोंडी ‘रेडिओ सिलोन’ पुढेही राहिले, म्हणून एवढ्यावर निर्णय देऊ नये. परदेशातून आलेल्या संचाच्या डायलवर ६४० व १२४० या आकड्यांपाशी छोटे त्रिकोण दिसले, तर तो अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी १९५३ ते १९६३ या काळात बनलेला समजावा. आणीबाणीच्या प्रसंगी नागरिकांनी कोठे ऐकावे, हे दाखविण्यासाठी तेथील सरकारने त्या खुणा सक्तीच्या केल्या होत्या.

दुसरा साक्षीदार म्हणजे ट्रान्झिस्टरांवरील क्रमांक. ओसी ४४, ओसी ४५, ओसी ७१, ओसी ७२ ही युरोपीय पद्धतीची जुनी पिढी. त्यानंतर साठच्या दशकात एएफ ११७, एसी १२८ यांसारखी नावे आली. त्यांतील पहिले ‘ए’ हे अक्षर जर्मेनियमचे द्योतक. ‘बी’ने आरंभ होणारे बीसी १४८ किंवा बीएफ १९४ दिसले तर ते सिलिकॉनचे, म्हणजे आणखी नंतरचे. मात्र एखादा भाग मधल्या काळात कारागिराने बदललेला असू शकतो. म्हणून एका क्रमांकावर न जाता बहुमत पाहावे, आणि कोणत्या भागाचा डाख कारखान्यातला वाटतो व कोणत्याचा हाताने दिलेला, हे भिंगातून तपासावे.

तिसरा साक्षीदार कपाटात असतो. रेडिओ बाळगण्यास पूर्वी परवाना लागे व त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. १९२८ मध्ये सुरू झालेली ही पद्धत १९८४ मध्ये बंद झाली. घरातील कागदपत्रांत ती पुस्तिका सापडली, तर तिच्यावरील पहिला शिक्का घरात रेडिओ केव्हा आला ते सांगतो. समजा, डायलवर किलोसायकल आहे, आत बहुतेक एएफ व एसी मालिकेतील भाग आहेत आणि पुस्तिकेवरचा पहिला शिक्का १९६७ चा आहे. मग संच साठच्या दशकाच्या मध्याचा, असे म्हणण्यास हरकत नाही. एखादा कारागीर झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख लिहून ठेवतो, तीही पुसू नये. पाटी धुऊन काढण्यापूर्वी या सर्व खुणांची छायाचित्रे घ्यावीत आणि वहीत नोंद करावी.

यानंतर दुरुस्ती. घाईने सेल घालू नयेत. जर्मेनियमच्या बहुतेक जुन्या संचांत सेलचे धन टोक पाटीच्या सामाईक पट्टीला जोडलेले असते. नव्या संचांच्या हे नेमके उलट. जोडणी उलटी झाल्यास क्षणात नुकसान होते, म्हणून कप्प्यातील चिन्हे पाहूनच सेल बसवावेत. पहिल्या वेळी मध्ये मिलिअँपिअरचा मीटर ठेवावा. सहा-सात ट्रान्झिस्टरांचा संच आवाज लहान असताना साधारण १० मिलिअँपिअर विद्युत्प्रवाह घेतो. काटा ५० किंवा १०० कडे धावला तर संच लगेच बंद करून दोष शोधावा.

बहुतेक संचांत ट्रान्झिस्टर निकामी झालेले नसतातच. दोष असतो तो वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांत. आवाज अगदी क्षीण येणे किंवा स्पीकरमधून फटफटीसारखा आवाज निघणे ही त्याची लक्षणे. नवा कंडेन्सर तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा घ्यावा व धन-ऋण टोके जुळवून बसवावा. आवाजाचे बटण फिरविताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब पुरतात. एएफ ११४ ते ११७ या भागांचा दोष मोठा चमत्कारिक आहे : त्यांच्या धातूच्या टोपीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात व आतील टोकांना जाऊन चिकटतात. या भागांना चार तारा असतात. त्यांपैकी टोपीला जोडलेली तार कापली, तर पुष्कळदा संच जागा होतो.

काही गोष्टी मुद्दाम टाळाव्यात. आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांतील पिवळे, पांढरे, काळे स्क्रू गंमत म्हणून फिरवू नयेत. मोजमापाच्या साधनांवाचून ते पूर्ववत होणे कठीण. काचेच्या ओसी ७१ वरील काळा रंग खरवडू नये. आत प्रकाश शिरला की त्या भागाचे वर्तन बदलते. कव्हर नव्याने रंगवू नये. काढलेले जुने भाग लहान पाकिटात घालून, त्यावर तारीख लिहून संचासोबतच ठेवावेत. डाख देण्याचे काम मुलांनी वडीलधाऱ्यांसमोरच करावे, खोलीत वारा खेळता असावा आणि काम होताच हात धुवावेत. संच ठेवून देताना सेल मात्र हटकून काढावेत.

दुरुस्त झालेला संच बाल्कनीत रात्री लावून पाहावा. मध्यमलहरी रात्री दूरवर पोहोचतात. दिवसा मात्र घरातील एलईडी दिवे व चार्जर त्यांत खरखर मिसळतात. संच स्वतःभोवती हळूहळू फिरविला की फेराइटच्या दिशेप्रमाणे आवाज वाढतो वा कमी होतो.

ही परीक्षा मात्र फार काळ शक्य राहील असे नाही. प्रसारभारतीने अलीकडच्या वर्षांत मध्यमलहरींवरील अनेक प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आहेत. बीबीसीची हिंदी सेवा लघुलहरींवर ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली. जुने भाग हाताने ओळखणारे कारागीरही आता वयस्क झाले आहेत. एखादा संच उद्या निर्दोष दुरुस्त होईल, परंतु त्यावर ऐकण्यास काही उरलेले नसेल. आणि तो कोणी, कोणत्या पगारातून, कशासाठी घेतला हे सांगणारे माणूसही घरात नसेल. तांत्रिक नोंदी पाटीवर सापडतील. ही हकीकत पाटीवर सापडणार नाही.

म्हणून वहीचे दोन भाग करावेत. एका बाजूस क्रमांक, मोजमापे व बदललेले भाग असावेत. दुसऱ्या बाजूस आजी-आजोबांनी सांगितलेले लिहावे : संच कोठून आला, कोणत्या वेळी लागे, बातम्या कोण ऐके, १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविधभारतीवरील गाण्यांसाठी तो कोण मागून घेई. पहिली बाजू मुलांनी भरावी, दुसरी मुलांनी विचारून लिहावी. ही वही याच वर्षी सुरू करावी आणि पुरी झाल्यावर संचाच्या कव्हरातच ठेवावी.