तुसाची राख आणि चाळींचे मनोरे

नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० नंतरच्या दशकात सरकारने काँक्रीटमध्ये बांधल्या. त्यांच्या जागी आता म्हाडा उत्तुंग इमारती उभारीत आहे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश उष्णतेत भाजावी लागते. कोळसा जळतो तो वेगळाच, खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. यातील काही सिमेंटची जागा भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांतील तुसाची राख घेऊ शकेल. ही कल्पना स्वप्नाळूंची नव्हे. भारतीय मानक ४५६ ने २००० सालीच तिला मुभा दिली आहे. अट एवढीच की, निर्णयाधिकाऱ्याची मान्यता हवी. घोडे पेंड खाते ते येथेच!

अर्थात तूस नियंत्रित उष्णतेत जाळले, तरच राखेतील सिलिका चुन्याशी संयोग पावून काँक्रीट घट्ट करते. कसेबसे जाळलेले तूस कुचकामाचे. म्हणून प्रत्येक खेपेची तपासणी अटळ आहे. तीत कंत्राटदाराला सूट देणे म्हणजे रहिवाशांच्या जिवाशी खेळ होय. शिंपल्यांचा चुना कोकणाला नवा नाही, पण शिंपल्यांतील मीठ नीट धुतले नाही तर काँक्रीटमधील सळई गंजते.

म्हाडा ही सार्वजनिक संस्था आहे. शिल्लक कामांपैकी निदान पदपथ व कुंपणाच्या भिंती यांत तिने ही राख वापरावी आणि चाचण्यांचे निकाल चाळकऱ्यांपुढे ठेवावेत.